रेमो फर्नांडिस : गीत, संगीत आणि स्वर एकाच नावाचे

गोव्याचे गायक, गीतकार आणि संगीतकार रेमो फर्नांडिस यांची गणना भारतात इंग्रजी पॉप गीतांची स्वतंत्र रचना करणाऱ्या आरंभीच्या कलावंतांमध्ये होते. इंग्रजी, कोकणी, पोर्तुगीज, हिंदी आणि फ्रेंच अशा पाच भाषांत त्यांनी गायन केले असून गिटार आणि बासरी ही त्यांची प्रमुख वाद्ये आहेत. भारत सरकारने २००७ मध्ये त्यांना पद्मश्री प्रदान केली. तथापि देशातील बहुसंख्य श्रोत्यांना त्यांचा आवाज परिचित आहे तो १९९५ च्या 'बॉम्बे' या चित्रपटातील 'हम्मा हम्मा' या गीतामुळे. हे गीत त्यांनी लिहिलेले नाही आणि त्याची चालही त्यांची नाही. ज्या गीतांवर त्यांचा संपूर्ण अधिकार होता ती गोव्याबाहेर तुलनेने कमी ऐकली गेली, आणि ज्या गीतांत त्यांचा केवळ स्वर होता ती घरोघरी पोहोचली. त्यांच्या कारकिर्दीचा विचार करताना ही विसंगती सतत समोर येते.

आकाशवाणीच्या मराठी श्रोत्यांना गाण्यापूर्वी तीन नावे ऐकण्याची सवय असते. गीत अमुक यांचे, संगीत तमुक यांचे आणि स्वर आणखी कोणाचा. १९५५ मध्ये पुणे केंद्रावरून सुरू झालेल्या गीतरामायणातही शब्द ग. दि. माडगूळकर यांचे होते, तर संगीत सुधीर फडके यांचे. भावगीत आणि चित्रपटगीत या दोन्ही परंपरा या श्रमविभागणीवर उभ्या राहिल्या. शाहिराचा अपवाद सोडला, तर शब्द, चाल आणि गळा हे तिन्ही एकाच व्यक्तीचे असण्याची कल्पना आपल्याकडे फारशी रुजली नव्हती. युरोप-अमेरिकेत १९६० नंतर ही कल्पना तरुणांच्या संगीताचा कणा बनली होती. फ्रान्समध्ये तर स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्या कवी-गायकांना साहित्यिकांसारखा मान होता. ही पद्धत भारतात, तीही इंग्रजी भाषेत, रुजविण्याचा प्रयत्न रेमो यांनी केला.

जन्म आणि जडणघडण

रेमो यांचा जन्म ८ मे १९५३ रोजी पणजी येथे झाला. त्यावेळी गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. बार्देश तालुक्यातील शापोरा नदीकाठचे शिवोली हे त्यांचे मूळ गाव. जून महिन्यातील सांज्यांव, म्हणजे संत जॉनचा सण, शिवोलीत सजविलेल्या होड्यांतून गात-वाजत साजरा होतो. घरातील आणि गावातील पोर्तुगीज व कोकणी गाणी, चर्चमधील समूहगान आणि परदेशातून परतणाऱ्या नातलगांनी आणलेल्या रॉक अँड रोलच्या तबकड्या अशा तिहेरी वातावरणात त्यांचे बालपण गेले. शाळकरी वयातच त्यांनी मित्रांसह 'बीट फोर' नावाचा वाद्यवृंद उभारला.

त्यांच्या पिढीचे भाषिक वास्तव समजून घेणे आवश्यक आहे. मुक्तीनंतर काही वर्षांतच गोव्यातील शिक्षणातून पोर्तुगीज मागे पडली आणि इंग्रजी पुढे आली. घरात एक, बाजारात दुसरी आणि वर्गात तिसरी भाषा अशी या मुलांची स्थिती होती. त्यातच १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही यावर जनमत कौल घेण्यात आला आणि विलीनीकरण नाकारले गेले. त्या प्रचारात उल्हास बुयांव यांच्या कोकणी गाण्यांनी मोठी कामगिरी बजावली होती. गाणे सभा जिंकू शकते आणि प्रदेशाचे भवितव्य ठरविण्याच्या वादात उतरू शकते, हे गोव्यातील मुलांनी डोळ्यांनी पाहिले. रेमो त्यावेळी तेरा वर्षांचे होते.

पुढे मुंबईत सर जे. जे. वास्तुशास्त्र महाविद्यालयात त्यांनी वास्तुविशारदाचे शिक्षण पूर्ण केले. मुंबईतील वास्तव्यात 'द सॅव्हेजेस' या त्या काळातील नामांकित रॉक वाद्यवृंदातही ते सहभागी होते. वास्तुविशारद म्हणून स्थिर व्यवसाय करण्याचा मार्ग मोकळा असताना १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते पाठीवर पिशवी टाकून युरोप आणि उत्तर आफ्रिकेच्या भटकंतीला निघाले. वाटेत भेटणाऱ्या वाहनांतून प्रवास, रस्त्यावर आणि लहान कार्यक्रमांतून गायन असा हा काळ होता. या प्रवासात कानावर पडलेल्या आफ्रिकी आणि लॅटिन तालांचे पडसाद त्यांच्या पुढील रचनांतून स्पष्ट ऐकू येतात.

गोव्याचे वादक आणि मुंबईची चित्रसृष्टी

रेमो यांनी नंतर जे केले त्याचे महत्त्व कळण्यासाठी त्यांच्या आधीच्या पिढीकडे पाहावे लागते. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचणे आणि व्हायोलिन वाजविणे शिकविले जाई. या शिक्षणामुळे पाश्चात्य पद्धतीचे लेखी संगीत वाचू शकणाऱ्या वादकांचा मोठा वर्ग तयार झाला आणि विसाव्या शतकात तो मुंबईकडे वळला. हॉटेलांतील जॅझ वाद्यवृंद, मूकपटांचे साथसंगत वादन आणि नंतर हिंदी चित्रपटांचे वाद्यमेळ यांत गोमंतकीय वादकांचा भरणा होता.

संगीतकाराने चाल गुणगुणून दाखवावी आणि गोमंतकीय संयोजकाने पन्नास-साठ वाद्यांसाठी तिची स्वरलिपी लिहून काढावी, असा हा व्यवहार होता. शंकर-जयकिशन यांच्या भव्य वाद्यवृंदामागे सेबास्टियन डिसोझा होते. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' मधील प्रसिद्ध गाण्यात त्यांचे नाव गुरुदक्षिणेसारखे गुंफले गेले. पण पडद्यावरच्या श्रेयनामावलीत अशी नावे क्वचितच झळकत. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, ख्रिस पेरी असे अनेक गुणी कलावंत या मार्गाने गेले. त्यांपैकी ख्रिस पेरी यांनी गायिका लोर्ना यांच्यासमवेत कोकणी गाण्यांची स्वतंत्र दुनिया उभी केली, म्हणून त्यांचे नाव गोव्यात आजही घेतले जाते. ज्यांनी केवळ मुंबईसाठी वाजविले, त्यांतील कित्येकांची नावे त्यांच्या गावाबाहेर कोणी जाणत नाही.

अशा प्रदेशातील एका तरुणाने स्वतःचे शब्द, स्वतःची चाल, स्वतःचे वादन आणि स्वतःचे नाव घेऊन उभे राहण्याचे ठरविले, यात साहस होतेच. पण त्याहून अधिक व्यावहारिक अडचण होती. मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांचा व्यवसाय चित्रपटगीतांवर चालत असे. भारतीय गायकाने इंग्रजीत स्वतःची गाणी लिहावीत आणि ती कंपनीने विकावीत, यासाठी बाजार अस्तित्वातच नव्हता. इंग्रजी गायचेच असेल तर परदेशी लोकप्रिय गाण्यांची नक्कल करावी, अशी हॉटेलमालकांपासून श्रोत्यांपर्यंत सर्वांची अपेक्षा असे.

घरातील ध्वनिमुद्रण

रेमो यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे १९८४ चा 'गोवन क्रेझी' हा अल्बम. चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर त्यांनी तो घरीच ध्वनिमुद्रित केला. गीते त्यांची, संगीत त्यांचे, बहुतेक वाद्ये वाजविणारे तेच आणि कॅसेटचे मुखपृष्ठ रेखाटणारेही तेच. तयार कॅसेट त्यांनी आपल्या पिवळ्या स्कूटरवरून गोव्यातील दुकानादुकानांत स्वतः नेऊन पोहोचविल्या. ही हकिकत गोव्यात आता दंतकथेसारखी सांगितली जाते. परंतु तिच्या तांत्रिक बाजूकडे सहसा लक्ष दिले जात नाही.

साधारण कॅसेटयंत्र एका वेळी जे वाजते ते एकदाच टिपून घेते. चार ट्रॅकच्या यंत्रात फितीच्या रुंदीवर चार समांतर पट्टे असतात आणि प्रत्येक पट्ट्यावर वेगवेगळ्या वेळी ध्वनी टिपता येतो. एका पट्ट्यावर ताल, तो कानाला ऐकत दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर बास आणि चौथ्यावर गळा, असे एकटा कलावंत संपूर्ण वाद्यवृंदाचे काम करू शकतो. चारपेक्षा अधिक थर हवे असतील तर आधीचे तीन पट्टे एकत्र करून चौथ्यावर उतरवावे लागतात आणि मोकळ्या झालेल्या तीन पट्ट्यांवर पुढचे वादन करावे लागते. मात्र असे प्रत्येक उतरवणे ध्वनीची थोडी स्पष्टता खाऊन टाकते आणि एकदा एकत्र केलेले पुन्हा वेगळे करता येत नाही. कोणते वाद्य पुढे, कोणते मागे, याचा निर्णय आधीच घ्यावा लागतो. अशी घरगुती यंत्रे १९७९ मध्ये प्रथम बाजारात आली होती. अवघ्या पाच वर्षांत शिवोलीच्या या कलावंताने तिच्या साहाय्याने व्यवसायाच्या साऱ्या पायऱ्या ओलांडल्या, ही बाब भारतीय संगीतव्यवसायाच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे.

काळही अनुकूल होता. तबकडी छापण्यासाठी कारखाना लागतो; कॅसेटच्या प्रती मात्र थोड्या भांडवलात काढता येतात. याच वर्षांत देशभर स्वस्त कॅसेटचा प्रसार होऊन भक्तिगीते, लोकगीते आणि प्रादेशिक भाषांतील गाणी यांची नवी बाजारपेठ तयार होत होती. महाराष्ट्रात भीमगीते आणि लोकगीते कॅसेटवरून गावोगाव गेली ती याच काळात. इंग्रजी पॉप आणि भीमगीत ही दोन टोके वाटतात. पण मोठ्या कंपनीच्या दारात उभे न राहता श्रोत्यापर्यंत जाण्याचा मार्ग दोहोंना एकाच वस्तूने दिला.

पुढील वर्षी आलेल्या 'ओल्ड गोवन गोल्ड' मध्ये त्यांनी गोव्याच्या पारंपरिक गाण्यांना नव्या वाद्यमेळात बसविले. १९८६ चा 'पॅक दॅट स्मॅक' आणि १९८७ चा 'बॉम्बे सिटी' या अल्बमांनी त्यांचे नाव देशभर नेले. पहिल्याचा विषय अंमली पदार्थांचे व्यसन हा होता. त्यावेळी मुंबईत आणि गोव्याच्या किनाऱ्यावर गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, तरुणांचे बळी घेत होती. त्यावर पॉप गाणे रचून नाचत्या समुदायासमोर म्हणणे, ही त्याकाळी अनपेक्षित गोष्ट होती. टेलिफोनच्या कारभारापासून राजकारण्यांच्या वर्तनापर्यंत अनेक विषय त्यांच्या गाण्यांत थट्टेच्या सुरात येतात. १९९२ च्या अल्बमचे नावच 'पॉलिटिशियन्स डोन्ट नो टू रॉक अँड रोल' असे आहे. एड्सविषयक जागृतीसाठीही त्यांनी गीत रचले. त्यांच्या इंग्रजी अल्बमांना विक्रीबद्दल गोल्ड आणि प्लॅटिनम तबकड्यांचा मान मिळाला. १९८६ मध्ये तत्कालीन पूर्व जर्मनीतील ड्रेस्डेन येथील आंतरराष्ट्रीय गीत महोत्सवात त्यांनी तीन पारितोषिके मिळविली.

त्याच काळात पंतप्रधान राजीव गांधी यांच्यासमोर गोव्यात झालेल्या कार्यक्रमात रेमो यांनी थेट पंतप्रधानांनाच उद्देशून रचलेले 'हॅलो राजीव गांधी' हे गाणे सादर केले. त्यातील मोकळा सूर काहींना अनुचित वाटला आणि वृत्तपत्रांतून टीका झाली. रेमो यांनी गाण्याचे शब्द पंतप्रधानांकडे पाठविले. गाणे आपल्याला आवडल्याचे राजीव गांधी यांनी उत्तरादाखल कळविले. सत्ताधाऱ्याला एकेरी आपुलकीने हाक मारून त्याचे कान उपटण्याची ही रीत गोव्याच्या तियात्र रंगभूमीला नवी नाही. तेथे प्रवेशांच्या मध्ये गायिल्या जाणाऱ्या कांतारांमधून आमदार-मंत्र्यांची नावे घेऊन टीका होते आणि प्रेक्षक टाळ्या देतात. रेमो यांच्या इंग्रजी गाण्यांचे मूळ अनेकदा बीटल्समध्ये शोधले जाते. या कांतारांकडेही पाहिले पाहिजे.

चित्रपटांतील स्वर

चित्रपटाशी त्यांचा संबंध आला तो प्रथम गोव्याच्याच निमित्ताने. श्याम बेनेगल यांनी १९८५ मध्ये 'त्रिकाल' हा चित्रपट केला. १९६१ च्या मुक्तीपूर्व काळातील एका गोमंतकीय कुटुंबाची ही कथा असून तिचे चित्रीकरण लोटली येथील व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या घरात झाले होते. त्याला संगीत वनराज भाटिया यांचे होते. रेमो त्यात गायले आणि पडद्यावरही दिसले. १९८७ च्या पंकज पराशर दिग्दर्शित 'जलवा' मधील शीर्षकगीताने त्यांचा आवाज हिंदी भाषक श्रोत्यांपर्यंत नेला.

त्यानंतरचा टप्पा 'बॉम्बे' चा. मणिरत्नम यांच्या मूळ तमिळ चित्रपटात हे गाणे संगीतकार ए. आर. रहमान यांनी स्वतः म्हटले होते. हिंदी आवृत्तीसाठी शब्द मेहबूब यांनी लिहिले आणि स्वरासाठी रेमो यांची निवड झाली. घशात किंचित खरखर असलेला, हिंदी उच्चारांत गोव्याची लय सांभाळणारा हा आवाज तोपर्यंतच्या पार्श्वगायनाच्या गुळगुळीत वळणात बसणारा नव्हता, आणि बहुधा म्हणूनच तो लक्षात राहिला. १९९६ मध्ये गोव्याच्या पार्श्वभूमीवरील संजय लीला भन्साळी यांच्या 'खामोशी' मध्ये, तर १९९८ मध्ये 'प्यार तो होना ही था' च्या शीर्षकगीतात ते गायले. जतीन-ललित यांच्या या दुसऱ्या गीतासाठी सहगायिका जसपिंदर नरूला यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

उपग्रह वाहिन्यांच्या आगमनाने याच सुमारास भारतीय पॉपला वेगळेच दिवस आले होते. अलिशा चिनॉय यांचा 'मेड इन इंडिया' १९९५ चा. हिंदी पॉपची लाट जोरात असताना रेमो यांनीही १९९८ मध्ये 'ओ मेरी मुन्नी' हा हिंदी अल्बम दिला आणि तो गाजला. इंग्रजीत लिहिणाऱ्या कलावंताने बाजारासमोर घेतलेली ही माघार होती असे काहींचे मत आहे. ते सर्वस्वी पटण्यासारखे नाही. अनेक भाषांत गाणाऱ्या माणसाने आणखी एका श्रोतृवर्गाकडे वळावे यात माघार कसली? मात्र या अल्बमनंतर त्यांच्या इंग्रजी रचनांविषयीची चर्चा राष्ट्रीय पातळीवर क्षीण होत गेली, हे खरे आहे. पुढे लवकरच ती लाटही ओसरली आणि वाहिन्या पुन्हा चित्रपटगीतांकडे वळल्या. स्वतंत्र गीतकार-गायकांसाठी उघडलेले दार दहा वर्षेही उघडे राहिले नाही.

दोन हजारच्या सुमारास रेमो यांनी संस्कृत मंत्रांना पाश्चात्य समूहस्वरांच्या साथीने बांधणारा 'सिंफोनिक चांट्स' हा अल्बम केला. कॅथलिक घरात वाढलेल्या कलावंताने संस्कृत ऋचांकडे वळणे अनेकांना नवलाचे वाटले. पण देवघर आणि चर्च शेजारी असलेल्या बार्देशात ते तितके नवलाचे नव्हते. २०१३ च्या 'डेव्हिड' या हिंदी चित्रपटात 'मारिया पिताशे' हे जुने गाणे त्यांच्या आवाजात आले आणि नव्या पिढीने ते उचलून धरले. २०१७ च्या 'ओके जानू' मध्ये 'हम्मा' नव्या गायकांच्या आवाजात आणि नव्या तालात पुन्हा अवतरले. चित्रपटगीताचा स्वर बदलता येतो. ज्याच्या हाती हक्क, त्याच्या हाती निर्णय. 'गोवन क्रेझी' बाबत असा निर्णय अन्य कोणी घेऊ शकत नाही.

अलीकडची वर्षे

१९६१ पूर्वी पोर्तुगीज गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळविण्याचा कायदेशीर अधिकार आहे. भारतात दुहेरी नागरिकत्वाची तरतूद नसल्याने ते स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. गोव्यातील अनेक कुटुंबांनी युरोपात नोकरीची वाट मोकळी व्हावी म्हणून हा मार्ग धरला आहे. रेमो यांनीही पोर्तुगीज नागरिकत्व स्वीकारले, तेव्हा गोव्यात त्यावर बरीच उलटसुलट चर्चा झाली. भारताचा नागरी सन्मान लाभलेला आणि गोव्याची ओळख म्हणून मिरविला जाणारा कलावंत परका झाला, असा एक सूर होता. जन्माने मिळालेला अधिकार बजावला तर बिघडले काय, असा दुसरा. ज्या घरांतून कोणी ना कोणी लिस्बन किंवा लंडनला गेले आहे, तेथे हा प्रश्न एका गायकापुरता नव्हता.

त्यानंतर रेमो यांनी पोर्तुगालमधील पोर्तो शहरात वास्तव्य केले. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र २०२१ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केले. मदर तेरेसा यांच्या जीवनकार्यावर आधारित एका दीर्घ संगीतनाट्याची रचनाही त्यांनी केली आहे. त्याचे शब्द त्यांचे आहेत आणि संगीतही.